आमचा एकुलता एक गोल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही — आणि तिला माझ्या बुटाचा नंबर, माझं वाढलेलं कोलेस्टेरॉल, मी कुठल्या मेव्हण्यावर मनातून जळतो, हे सगळं ठाऊक आहे. नायनांपाशी नाही. नायना म्हणजे वडील, आमच्या घरात तेलुगू बोलतात. आणि म्हादूपाशी तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या टीममध्ये नव्हता, एवढंच कारण असेल. जे होते, त्यांच्यासमोर बसलो की माझं तोंडच उघडत नाही.

आधी टीमबद्दल सांगतो. टाळाटाळ करतोय असं वाटेल — करतोयच. पण ती टीम माहीत नसेल तर बाकीचं कळणार नाही.

आमच्या कॉलेजात क्रिकेट होतं, कबड्डी होती, आणि त्या दोन्हीकडून हाकललेली पोरं फुटबॉलला होती. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल. दुपारी तीन वाजता त्या मैदानावर कुत्रंसुद्धा आडवं जायचं नाही, आणि आम्ही तिथं पळायचो. माती अशी कडक, की पडलं की गुडघा सोलून निघायचा. बूट होते चौघा-पाचजणांकडे, बाकीचे कॅनव्हासवर. आणि आमचे कोच होते भूगोलाचे बिराजदार सर. खेळाचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांत गरीब स्वभावाचा माणूस कोण म्हणून बघितलं, तर हे बसलेले.

सरांनी फुटबॉल पुस्तकातून शिकून घेतला. खरंच. छत्री घेऊन टचलाइनवर उभे राहायचे आणि ओरडायचे — काय, तर दिशा. डावीकडे-उजवीकडे त्यांच्या तोंडात बसायचंच नाही. ‘पूर्वेला दे, पूर्वेला!’ ‘अरे, वायव्येकडून येतोय तो, बघ!’ समोरच्या टीमची पोरं खेळायचं सोडून हसायची. आम्ही पण पहिले काही दिवस हसलो. मग कळलं की हाफटाइमनंतर बाजू बदलली तरी पूर्व पूर्वेलाच राहते, आणि आमच्यासारख्या गोंधळलेल्या पोरांना तेच सोपं जातं. आजही मला सोलापुरात कुठंही डोळे बांधून उभं करा, वायव्य कुठं ते मी सांगेन. सरांची कृपा.

पण दिशा कळून गोल होत नाहीत. त्या वर्षी आम्ही हरलो — म्हणजे किती हरलो म्हणून सांगू? जिथं गेलो तिथं हरलो. घरच्या मैदानावर हरलो, बाहेर जाऊन हरलो, एकदा समोरच्यांचे दोघं उशिरा आले तर नऊ जणांकडूनही हरलो. आमचा गोलकीपर रफिक प्रत्येक गोलनंतर बॉल मध्यावर लाथाडायचा आणि शांतपणे म्हणायचा, ‘गोल तो आतेच रहते मियाँ, टेन्शन नको.’ आणि सर प्रत्येक मॅचनंतर आम्हाला गोल करून बसवायचे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढायचे — सरांच्या मिसेस एवढ्या पोरांचं बांधून द्यायच्या — आणि न चुकता सांगायचे, की आज आपण मागच्यापेक्षा बरे हरलो. कधी कधी ते खरंही असायचं.

हरण्याचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. अख्ख्या सीझनमध्ये आमचा एकही गोल नव्हता. एकही. आणि हे सगळ्यांत जास्त ज्याला लागायचं तो म्हादू.

म्हादू मंद्रूपचा. उंच, पायांत बैलाची ताकद, आणि बॉल मारताना डोळे गच्च मिटायचा. ही सवय सरांनी मोडायचा किती प्रयत्न केला! त्याच्या किकनं प्राचार्यांच्या केबिनची काच फुटली, सायकल स्टँडवरच्या सायकली एकावर एक पडल्या, एकदा चहावाल्याची किटली गेली. फक्त गोल तेवढा झाला नाही. तो रोज एसटीनं यायचा-जायचा, आणि मंद्रूपच्या स्टँडवर उतरला की पानटपरीपासून घरापर्यंत जो भेटेल तो विचारायचा — झाला का रे? त्याचा बाप जेवताना ताटावरून मान वर न करता तेच विचारायचा. म्हादू घरी थापा मारू शकला असता. इथं सोलापुरात काय झालं हे मंद्रूपला कोण बघायला येणार? पण नाही. रोज खाली मान घालून सांगायचा, ‘न्हाय, अजून न्हाय.’

माझा त्याच्यावर जीव होता. आहे. एकदा सरावात माझा घोटा असा मुरगळला की पाय टेकवेना. म्हादूनं मला पाठीवर घेतलं आणि रिक्षा मिळेपर्यंत भर उन्हात चालत नेलं, आणि सगळी वाट तो काय बोलत होता, माहितेय? गोल झाल्यावर मी काय करीन. शर्ट काढीन का नको, बनियन फाटकं आहे. सरांना उचलीन का, उचलले तर छत्री लागेल का. मी पाठीवर कण्हतोय आणि हा छत्रीचा विचार करतोय. असा माणूस.

आता जाळीचं सांगायला पाहिजे.

जिमखान्यात आमच्याकडे एक नेट धड होतं आणि एक अर्धं. अर्ध्याला मी जुन्या व्हॉलीबॉलच्या नेटचा तुकडा जोडला होता, पुढच्या खांबाजवळ, बाजूच्या जाळीला. जोडला कशानं — तर आमच्या कारखान्यातल्या सुतानं. आमचे टॉवेलचे माग आहेत सोलापूरच्या पूर्व भागात. कुठल्याही शहाण्या माणसानं ते काम नायलॉनच्या दोरीनं केलं असतं, पण आम्ही विणकर लोक. काहीही फाटलं की हात सुताच्या कोनाकडे, म्हणजे रिळाकडे जातो. तीनपदरी पीळ घालून मी ती लांबच्या लांब शिवण घातली, सर खूश झाले, आणि मला जाळीमंत्री हे पद मिळालं. प्रत्येक घरच्या मॅचला दोन्हीकडची नेट बांधायची, तपासायची, ते माझं काम. सुती धागा उन्हात विरतो, जिमखान्यातले उंदीर तो कुरतडतात, हे मला कळायला नको? लहानपणापासून दुसरं काय बघितलं होतं मी?

सीझनची शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती. समोर पंढरपूर तालुक्यातलं एक कॉलेज. त्यांचा गोलकीपर होता समाधान, करकंबचा. बारीक, काळासावळा, माकडासारखा चपळ. त्याच्यावर त्या वर्षी जवळजवळ गोलच झाले नव्हते, आणि त्याला बघायला म्हणून विद्यापीठाच्या निवड समितीचे एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. हे आम्हाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. विद्यापीठाच्या टीममध्ये गेला तर त्याला पुढं पोलिसात खेळाडूंच्या जागेवर जायचं होतं, असं त्यांचीच पोरं सांगत होती. खेळायच्या आधी तो आमच्या रफिकजवळ आला आणि त्याचे हातमोजे नीट बांधून दिले. रफिकचे निघत होते.

सकाळी नेट बांधताना मी ती शिवण बघितली होती. एका जागी धागा उंदरांनी खाऊन केसाएवढा राहिला होता. बघितली, बोटानं चाचपली, आणि म्हणालो — चालतंय की. चहा बोलावला होता. गेलो.

मॅच आम्ही हरतच होतो. चार-शून्य. शेवट जवळ आला होता आणि मी डावा बॅक असून पुढं गेलो होतो, कारण मागं थांबून राखायचं काय? मी त्यांच्या गोलच्या बाजूला, खांबाच्या जरा मागंच उभा होतो — ऑफसाइड म्हणजे काय हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. मधून कुणीतरी लांब बॉल टाकला. सर ओरडले, ‘म्हादू, ईशान्य!’ म्हादू धावला, डोळे मिटले आणि हाणला. स्वतः तोंडावर पडला.

बॉल बाहेर गेला.

लिहून झालं. बॉल बाहेर गेला होता. समाधाननं झेप घेतलीच नाही, कारण त्याला दिसत होतं की हा बाहेर चाललाय. तो खांबाच्या बाहेरून आला, माझ्यापासून हातभर अंतरावर बाजूच्या जाळीवर आदळला, माझी शिवण फाटली आणि तो त्या फटीतून आत शिरून जाळीत जाऊन बसला. समोरून बघणाऱ्याला काय दिसलं? म्हादूनं मारला आणि बॉल जाळीत. पंच पार मध्यावर राहिले होते. त्यांनी शिट्टी वाजवून मध्याकडे हात केला.

पुढचं सांगताना अजून माझे कान गरम होतात. मैदानावर जे काय झालं! रफिक तिकडून सगळं मैदान ओलांडून पळत आला. सरांनी छत्री टाकली — टाकली म्हणजे उडवलीच. म्हादू उठला, तोंडभर माती, त्याला काही कळेना. कुणीतरी ओरडलं गोल, गोल, तेव्हा तो जागच्या जागी खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. एवढा थोराड गडी, हुंदके देऊन. शर्ट वगैरे काढायचं राहूनच गेलं. क्रिकेटची पोरंसुद्धा आपला सराव सोडून टाळ्या वाजवायला आली होती.

आणि समाधान पंचांकडे पळाला होता. जाळी फाटलीय, बाहेरनं आलाय, येऊन बघा सर, म्हणून हात धरून ओढत होता.

मी जाळीत शिरलो. हरणाऱ्या टीमनं बॉल पटकन काढून मध्यावर न्यायचा असतो, त्यामुळं त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. मी वाकलो. एका हातानं बॉल उचलला आणि दुसऱ्या हातानं ती सुटलेली दोन टोकं ओढून घेतली आणि गाठ मारली. तुम्हाला वाटेल एका हातानं कशी? मागावर धागा तुटला की माग थांबवायचा नसतो. अंगठा आणि दोन बोटं, टोकावर टोक, एक वळसा, ओढलं की झालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. नायनांनी मला ती गाठ शाळेत जायच्या आधी शिकवली होती. आमच्याकडं बायका-पोरं सगळे मारतात. फट मिटली. मी बॉल घेऊन बाहेर आलो.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की ते हातानं केलं. विणकराचं पोर, तुटलेला धागा दिसला, हात गेला — सवय. किती छान वाटतं ना ऐकायला? मीही त्यावर निवांत झोपलोय. पण तसं नव्हतं. वाकायच्या आधी मी मान वळवून पंच कुठं आहेत ते बघितलं होतं. ते अजून लांब आहेत हे बघून मग वाकलो. हे मी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

पंच आले. त्यांनी जाळी हातानं दाबून बघितली, खांबापासून मागपर्यंत. कुठं काही फाटलेलं नाही. समाधान तिथंच उभा होता, ती शिवण बघत होता, आणि त्याचा चेहरा — मला तो सांगता येत नाही. आपण जिना उतरताना एक पायरी जास्त धरतो तेव्हा होतं तसं काहीतरी. पंचांनी मला विचारलं, तू इथंच होतास, काय झालं? मी सांगितलं, ‘आतच गेला, सर.’ आवाज कापला नाही काही नाही. तोंड वर करून सांगितलं.

समाधाननं पंचांचा शर्ट धरला. त्याला काय बोलतोय याचं भान नव्हतं. शिव्या दिल्या. लाल कार्ड मिळालं. त्यांच्या सरांनी त्याला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं, आणि खुर्चीवरच्या गृहस्थांनी शेजारच्या माणसाला काहीतरी सांगून मान हलवली. विद्यापीठाच्या टीममध्ये समाधानचं नाव आलं नाही. संतापी पोरगा आहे, खेळ चांगला पण संतापी, असं म्हणाले म्हणे.

आम्ही मॅच चार-एकनं हरलो. म्हणजे बघा, मिळालं काय? पॉइंट नाही, नंबर नाही, काही नाही. मिळालं ते म्हादूला मिळालं. त्या संध्याकाळी तो मंद्रूपच्या स्टँडवर उतरला आणि कुणी विचारायच्या आधी त्यानंच ओरडून सांगितलं. बापानं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे त्यानं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं तेव्हा पुन्हा त्याचे डोळे भरले. तुम्ही असता तर तेव्हा त्याला सांगितलं असतं? कदाचित असतंही. मी नाही सांगितलं.

त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. बिराजदार सर निवृत्त झाले, रफिकनं विजापूर रोडला मोबाइलचं दुकान टाकलं, मी टॉवेलच्या धंद्यात आहे, तालुक्यातालुक्यांतल्या कापड दुकानांना माल देतो. आणि म्हादू मंद्रूपला शेती करतो, आणि दरवर्षी थंडीत आम्हा सगळ्यांना हुरड्याला बोलावतो. आम्हीही जातो, बायकापोरांसकट, सर आणि मिसेससुद्धा. कोवळी ज्वारी, शेंगाचटणी, दही, गूळ, आगटीची धग — आणि मग म्हादू उठतो. त्याची बायको लगेच म्हणते, झालं, यांचं सुरू झालं. तो हुरड्याच्या कणसांची पिशवी बॉल म्हणून ठेवतो, दोन काठ्या रोवतो आणि गोल पुन्हा करून दाखवतो. डोळे आजही मिटतो. पिशवी दरवर्षी भलतीकडंच जाते. एकदा सरांच्या ताटात गेली. आम्ही हसून हसून लोळतो. आणि शेवटी नव्यानं आलेल्या पाहुण्याला — कुणाचा साडू, कुणाचा जावई — तो माझ्याकडे बोट करून सांगतो, ह्यो माझा साक्षीदार. मग मला म्हणतो, ‘शिनू, तू तितंच हुतास की. सांग की ह्यास्नी.’

आणि मी सांगतो. सरळ आत गेला. दरवर्षी. सांगताना मलाही बॉल आत जाताना दिसायला लागलाय, इतकं ते घटवलंय मी.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. खरं सांगतो. विशीतलं पोर मित्रासाठी खोटं बोललं, त्यात एका चांगल्या पोराचं नुकसान झालं, वाईट झालं, पण तेव्हा अक्कल कुठं होती — असं म्हणून मी गाडी पुढं नेलीच होती. मला सांगायचंय ते गेल्या दिवाळीच्या आधीचं आहे.

करकंबला एका नव्या कापड दुकानात माल द्यायला गेलो होतो. गाव करकंब म्हटल्यावर मला आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पण एवढं मोठं बाजाराचं गाव, कोण कुणाला भेटतंय, असं म्हणून गेलो. मालक टॉवेल मोजून घेत होते, तेवढ्यात रस्त्यापलीकडं कुणीतरी हाक मारली, ‘ए जाळी, पाइप आलं का?’ मी सहज विचारलं, जाळी हे काय नाव? मालक हसले. म्हणाले, तो ठिबकचा दुकानवाला समाधान. कॉलेजात गोलकीपर होता. एक गोल झाला, तर पंचाशी भांडला की जाळी फाटली होती, आणि जाळी होती चांगली धडधाकट. अजून तेच म्हणतो. गावातली पोरं मुद्दाम विषय काढतात, तो चिडतो, मजा येते. तसा लई चांगला माणूस आहे, उधारीवर पाइप देतो, फक्त तेवढं एक डोक्यात आहे.

मी पावती घेऊन निघायला पाहिजे होतं. पण मालकांनीच त्याला हाक मारून बोलावलं, हे सोलापूरचे पाव्हणे म्हणून. तो आला. जरा सुटलाय, कानाशी केस पांढरे. कुठलं कॉलेज, कुठलं वर्ष — दोन प्रश्नांत त्यानं मला ओळखलं. मला वाटलं आता हा कॉलर धरतोय. तर त्यानं माझा हात धरला. दोन्ही हातांत. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला, आणि मला त्याच्या दुकानात घेऊन गेला. काळ्या पाइपांच्या वेटोळ्यांमध्ये दोन स्टुलं. त्यानं रफिकची चौकशी केली. त्याला नाव आठवत होतं. आमच्या सरांची छत्री आठवत होती. सर कसं ईशान्य म्हणून ओरडले, ते त्यानं करून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. मला तो इतका आवडला, तुम्हाला काय सांगू. आमच्या टीममध्ये असता तर दरवर्षी हुरड्याला माझ्या शेजारी बसला असता.

मग चहा आला, आणि तो आवाज उतरवून म्हणाला, ‘एक इचारू का? राग न्हाय, काय न्हाय. आता काय त्याचं. तुमी तितंच उभं हुता. बॉल आतनं गेला का भायरनं?’

तो भांडत नव्हता. तुमच्या लक्षात येतंय ना? तो विचारत होता. इतकी वर्षं लोकांनी हसून हसून त्याला इथवर आणलं होतं की त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा राहिला नव्हता, आणि जगात एकच माणूस होता जो सांगू शकत होता, आणि तो माणूस त्याचा चहा पीत बसला होता. कुणी ऐकायला नव्हतं. पंच नाहीत, सर नाहीत, म्हादू नाही. मला एक शब्द बोलायचा होता. माझं वय चाळिशीकडं झुकलंय, मला दोन मुली आहेत, खोटं बोलल्या तर मी त्यांना रागावतो.

मी म्हणालो, ‘आतनं.’

त्यानं कप खाली ठेवला. मग त्यानं मान डोलावली, आणि त्याचे खांदे असे खाली आले — ओझं उतरल्यासारखे की मोडल्यासारखे, मला ठरवता येत नाही. हसला. म्हणाला, ‘मंग माझीच नजर चुकली म्हणायची. लई वर्सं भांडलो वो सगळ्यास्नी. कुनी मानत नव्हतं. बायको तेवढी मानत हुती. आज घरी गेल्यावर सांगतो तिला, की म्याच खोटा हुतो.’

मी चहा संपवला. त्यानं गाडीपर्यंत येऊन निरोप दिला, आणि माझ्या मुलींसाठी बोरं दिली पिशवीभर.

म्हादूसाठी बोललो, असं म्हणू शकतो. म्हादूचा गोल गेला असता, त्याच्या बापाचा हात पाठीवरून निघून गेला असता — हे सगळं मी सोलापूरला येईपर्यंत गाडीत स्वतःला समजावत होतो. पण त्या स्टुलावर बसलो होतो तेव्हा माझ्या डोक्यात म्हादू नव्हता. कुणीच नव्हतं. मला फक्त असं नको होतं, की ह्या माणसानं, जो आत्ता माझ्यावर एवढी माया करतोय, त्यानं माझ्याकडे दुसऱ्या नजरेनं बघावं. एवढंच. त्याची पंधरा-सोळा वर्षं एका बाजूला आणि माझी ती दोन मिनिटांची शोभा एका बाजूला, आणि मी माझी शोभा उचलली.

बोरं घरी सगळ्यांनी खाल्ली, गोड होती. करकंबचा माल मी आता टेम्पोनं पाठवतो. यंदाच्या हुरड्याला म्हादूनं मला पुन्हा उभं केलं आणि मी पुन्हा सांगितलं.

समाधाननं त्या रात्री घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, ती काय म्हणाली असेल, मला माहीत नाही. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. सगळं करकंब हसत असताना ती एकटी त्याच्या बाजूनं बोलत राहिली, आणि तिचं बरोबर होतं. बॉल बाहेरून आला होता. गाठ मी मारली होती.